पायऱ्या मोजणारा कर्नल

इंदापूर तालुक्यात मी बँकेचा शेती अधिकारी म्हणून नोकरी केली, त्याला आता पस्तीसहून अधिक वर्षे झाली. उजनीचे पाणी तेव्हा नवे होते. बुडालेल्या गावांची माणसे नव्या गावठाणांत रुळत होती आणि भीमेच्या पात्रात मासे धरणारे भोई आता समुद्रासारख्या पसरलेल्या जलाशयात जाळी टाकत होते. वसुलीच्या फेरीवर निघालो की पळसदेवच्या बाजूला काठावर मोटारसायकल लावून मी त्यांच्यापाशी घटकाभर बसत असे. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने मला माशांची नावे सांगितली होती. कोळस, फुलंगी आणि आणखी कितीतरी. पुढे बऱ्याच वर्षांनी एका ग्रंथालयात माशांवरचे जाडजूड पुस्तक चाळताना हीच नावे लॅटिनच्या पेहरावात समोर आली. प्रत्येकापुढे नाव होते साइक्स आणि साल होते १८३९. माझी आणि कर्नल विल्यम हेन्री साइक्सची ओळख झाली ती अशी.

पक्ष्यांमागे हिंडणाऱ्यांना हे नाव नवीन नाही. माळरानावर तुरा मिरवणारा एक चंडोल आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. आपल्या कोळसुंद्याचे, म्हणजे दख्खनच्या रानकुत्र्याचे, शास्त्रीय वर्णन त्याने १८३१ साली केले. पण मी त्याच्या मागे लागलो तो पक्ष्यांसाठी नव्हे, दगडासाठी. ज्या काळ्या दगडावर जवळजवळ सगळा महाराष्ट्र उभा आहे, त्याची शिस्तीने पाहणी करून ती छापणाऱ्या पहिल्या काही माणसांत साइक्सची गणना होते. आणि त्याच दगडाने इंदापुरात मला एकदा असा धडा दिला होता की, तो अजून विसरता येत नाही. तो सांगेनच. आधी साइक्स.

त्याचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, घराणे यॉर्कशायरचे. आपली मुले ज्या वयात आठवी-नववीत असतात, त्या वयात तो कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत दाखल झाला. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात तो होता. पुढे हिंदुस्थानी आणि मराठी शिकून तो फौजेचा दुभाषा झाला. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांशी लढाई झाली, तेव्हा तो देशी शिपायांच्या तुकडीवर होता आणि नंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमेतही होता. म्हणजे आपल्या बाजूने पाहिले तर हा माणूस शत्रुपक्षाचा. हे विसरून त्याची गोष्ट सांगता येणार नाही. पण किल्ल्याच्या कड्याखाली दिवसचे दिवस तळ ठोकणाऱ्या सैनिकाला त्या कड्याकडे पाहत बसण्यावाचून गत्यंतर नसते. दगडाशी साइक्सची नजरानजर तिथेच झाली असावी, असे मला वाटते. त्याच सुमारास त्याने वेरूळची लेणी पाहून त्यांचे वर्णनही लिहिले. ती लेणी याच दगडात वरून खाली कोरत नेलेली आहेत.

१८२० साली तो रजेवर गेला आणि चार वर्षे युरोपात हिंडला. १८२४ च्या ऑक्टोबरात परत आला, तेव्हा मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्याला एक नवेच काम दिले. नव्याने ताब्यात आलेल्या दख्खनची आकडेवारी गोळा करायची. साइक्स पुणे, नगर, खानदेश आणि धारवाड या मुलखात फिरू लागला. माणसे मोजली, जमिनीचे हक्क आणि धारे नोंदवले, पिके लिहून घेतली. हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, हे त्याने वर्षानुवर्षे वायुभारमापक पाहून नोंदवले. मासे धरले आणि त्यांची नावे भोयांना विचारून घेतली. रकाना दिसला की तो भरल्याशिवाय चैन पडायचे नाही, असा हा साहेब होता. आयुष्यभर खतावण्यांत मान घातलेल्या माझ्यासारख्याला तो लगेच जवळचा वाटला.

१८२९ च्या डिसेंबरात सरकारने काटकसरीपायी हे पदच बंद करून टाकले. साइक्सने रजा मिळवली, अर्धे राहिलेले काम हाती धरले आणि जानेवारी १८३१ मध्ये अहवाल पुरा करून मगच तो मायदेशी निघाला.

दगडाविषयीचा त्याचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८३६ साली छापला. त्यात जे वर्णन आहे ते पुण्याहून कुठल्याही दिशेला एस.टी.ने गेलेल्या माणसाला पटावे. इथले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आहेत. थर आडवे, एकावर एक रचलेले. काही थर घट्ट, तर काही बुडबुड्यांच्या भोकांनी भरलेले आणि त्या भोकांत पांढरे स्फटिक. मध्येच तांबड्या मातीचा पट्टा. कुठे दगडाला खांबांचा आकार, तर कुठे सगळे थर कापत उभी गेलेली काळ्या पाषाणाची भिंत. या दगडाचे 'ट्रॅप' हे नावही पायरीचेच आहे. स्वीडिश भाषेत पायरीला जो शब्द आहे, त्यावरून ते आले.

साइक्सने पायऱ्या नोंदल्या. पण या पायऱ्या चढवल्या कोणी, हा प्रश्न त्या काळी सोपा नव्हता. त्याच्या तरुणपणी युरोपातल्या विद्वानांत मोठे भांडण होते. हा काळा दगड पाण्याच्या तळाशी साचला, असे एक पक्ष म्हणे. तो पृथ्वीच्या पोटातून तापलेला रस म्हणून आला, असे दुसरा म्हणे. साइक्सचा निबंध छापला गेला तोवर अग्नीचा पक्ष जिंकला होता. मग दुसरी अडचण उभी राहिली. अग्नी खरा, तर त्याचा डोंगर कुठे आहे? इटलीत व्हेसुव्हियस आहे, एटना आहे. दख्खनमध्ये शेकडो मैल फिरा, तोंडातून धूर सोडणारा किंवा पूर्वी सोडत असलेला एकही शंकू सापडत नाही. लोणारच्या सरोवराला पुष्कळ दिवस ज्वालामुखीचे तोंड समजत असत. तो खड्डा आकाशातून पडलेल्या उल्केने पडला, हे पुढे विसाव्या शतकात सिद्ध झाले.

डोंगर शोधणाऱ्यांची चूक एवढीच की, ज्वालामुखी म्हणजे शंकूच असला पाहिजे, असे ते धरून चालले होते. ज्वालामुखीचा आकार आणि त्याचा स्वभाव ठरतो तो त्याच्या पोटातल्या रसावरून.

हे समजायला इंदापूर-बारामतीकडच्या माणसाला लांब जायला नको, गुऱ्हाळावर जावे. काहिलीत उसाचा रस उकळू लागतो, तेव्हा तो पातळ असतो. बुडबुडे येतात आणि गुपचूप विरून जातात. रस आटून घट्ट होत जातो तसा त्याचा स्वभाव बदलतो. आता वाफ सहजासहजी सुटत नाही. बुडबुडा अडतो, फुगतो आणि फटकन फुटून गरम पाक अंगावर उडवतो. गुळव्या म्हणूनच लांब दांड्याने ढवळतो. घरात पिठले रटरटू लागले की आई आपल्याला चुलीपासून लांब बसायला सांगायची, त्यातले शास्त्रही हेच.

पृथ्वीच्या पोटातल्या रसाचा दाटपणा मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो. एक उष्णता, दुसरी सिलिका, म्हणजे वाळूत आणि काचेत असते ते द्रव्य. सिलिकेचे कण एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात. त्या जितक्या जास्त, तितका रस चिकट. आपल्या काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसाल्टच्या रसात सिलिका शंभरात पन्नासच्या आसपास असते आणि बाहेर येताना तो अकराशे ते बाराशे अंशांवर तापलेला असतो. तो मधासारखा वाहतो. रायोलाइट नावाच्या दगडाच्या रसात सिलिका सत्तरच्या घरात आणि उष्णता सातशे ते नऊशे अंश. तो बेसाल्टपेक्षा लाखो पटींनी दाट असतो आणि त्यात विरघळलेली पाण्याची वाफही जास्त असते. खोलवर दाबाखाली ही वाफ सोड्याच्या बाटलीतल्या वायूसारखी मुकाट असते. रस वर आला, दाब कमी झाला, की ती सुटू पाहते. रस पातळ असेल तर तिला वाट मिळते. दाट असेल तर ती कोंडते आणि मग सगळे फोडून बाहेर पडते.

ज्वालामुखींच्या जाती यातून होतात. हवाई बेटांवरचा मौना लोआ पातळ रसाचा. रस लांबवर पसरत गेल्याने तो पालथ्या ढालीसारखा, अगदी मंद उताराचा आहे. त्याचे उद्रेक जवळ उभे राहून पाहिलेली माणसे आहेत. जपानचा फुजी निराळ्या घडणीचा. कधी राख, कधी रस, असे थर एकावर एक चढून त्याचा देखणा शंकू झाला. असे शंकू देखणे खरे, पण घातकीही. १८१५ साली इंडोनेशियातला तंबोरा फुटला, त्याच्या राखेने आणि वायूने पुढचे वर्ष युरोपात उन्हाळाच आला नाही. साइक्स तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. काही ठिकाणी रस इतका दाट असतो की, तो वाहतच नाही, तोंडाशीच घुमटासारखा गोळा होऊन बसतो. मार्टिनिक बेटावरच्या माँ पेलेच्या तोंडाशी असाच घुमट वाढत होता. १९०२ साली त्यातून सुटलेल्या तप्त राखेच्या आणि वायूच्या लोटाने सेंट पिएर हे शहर काही मिनिटांत भाजून टाकले. सुमारे अठ्ठावीस हजार माणसे गेली.

आणि चौथी तऱ्हा म्हणजे तोंडच नसलेला ज्वालामुखी. साइक्सच्या जन्माआधी सात वर्षे, १७८३ साली आइसलँडमध्ये जमिनीला सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीची भेग पडली. लाकी हे त्या जागेचे नाव. आठ महिने त्या भेगेतून पातळ रस वाहत राहिला. डोंगर उभा राहिला नाही, नुसते दगडाचे मैदान झाले. पण विषारी वायूने गवत जळाले, जनावरे मेली आणि त्यामागून आलेल्या दुष्काळात त्या देशातली पाचांतले एक माणूस दगावले. पातळ रस म्हणजे निरुपद्रवी रस, असे कोणी समजू नये.

दख्खन ही लाकीची थोरली आजी. साडेसहा-पावणेसात कोटी वर्षांपूर्वी नाशिक-पुण्याच्या बाजूला, खानदेशात, कोकणात जमीन भेगाळली आणि रस वाहू लागला. त्यातला बराचसा दहा लाख वर्षांच्या आतच बाहेर पडला, असे आता मानतात. वरची साय थिजायची आणि तिच्याखाली, ऊब धरून, रस पुढे सरकत राहायचा. त्यामुळे काही प्रवाह आंध्रातल्या राजमहेंद्रीपर्यंत, म्हणजे जवळजवळ हजार किलोमीटर पोचले असावेत, असे भूशास्त्रज्ञ सांगतात. आजही हा दगड पाच लाख चौरस किलोमीटरांवर आहे. सह्याद्रीत प्रवाहांची चळत एकूण दोन किलोमीटरांहून जाड भरते. किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे भोक पाडून पाहिले, तर तळ ३३८ मीटरांवर लागला. एच. एस. वॉशिंग्टन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९२२ साली या दगडाची रासायनिक तपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा एवढ्या मुलखात त्याची घडण किती सारखी आहे, हे दिसून आले. अपवाद आहेत. मुंबईत काही ठिकाणी आणि गुजरातेत पावागडच्या माथ्यावर दाट रसाचा दगड आहे. पण ते अपवादच. आणि साइक्सला दिसलेल्या त्या उभ्या भिंती? अशा भिंती म्हणजे भेगांत थिजलेला रस. त्यांतल्या काही, वरच्या प्रवाहांना रस पुरवणाऱ्या नळ्याच होत्या. तोंड शोधणाऱ्यांच्या समोर ते उभेच होते, फक्त ते तोंडासारखे दिसत नव्हते.

पायऱ्यांचे कोडेही इथेच सुटते. प्रत्येक प्रवाह थिजताना त्यातले बुडबुडे वर जातात आणि सायीखाली अडकतात. म्हणून प्रवाहाचा माथा सच्छिद्र, तर पोट घट्ट. माथा लवकर झिजतो, पोट टिकते. घट्ट पोटाचा झाला कडा आणि झिजल्या माथ्याची झाली माची. दोन प्रवाहांमध्ये जिथे मोठी उसंत गेली, तिथे तांबडी माती झाली. मुंबईत वरळीला अशा उसंतीच्या काळातले बेडूक दगडात सापडले आहेत. शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांचे जे कडे साइक्सच्या फौजेने खालून पाहिले, ते बुडबुडे निघून गेल्यावर थिजलेल्या रसाचे होते.

आता माझी विहीर.

१९८७ साली एका जिरायती गावातल्या शेतकऱ्याचे विहिरीचे प्रकरण माझ्याकडे आले. त्याला सगळे अण्णा म्हणत. कॅनॉल त्या गावाला पोचत नव्हता. पाणाड्याने वरच्या माळाच्या तुकड्यात, घराजवळ, जागा दाखवली होती. मी सातबारा पाहिला, जामीनदार पाहिले, तलाठ्याचा दाखला घेतला, खर्चाचा अंदाज तपासला. नकाशावर जागेची खूण केली आणि प्रकरण मंजूर झाले. खोदाई सुरू झाली त्या दिवशी मी गेलो होतो. वडारांचा म्हातारा मुकादम वाकून दगड पाहत होता. तो म्हणाला की, साहेब, इथे काळा पाषाण आहे, याला चीरसुद्धा नाही. खाली ओढ्याच्या अंगाला मांजऱ्या लागतो, विहीर तिकडे घ्या. अण्णाने माझ्याकडे पाहिले. मी सांगितले की, जागा बदलायची तर प्रकरण पुन्हा करावे लागेल आणि त्यात हंगाम जाईल. अण्णा गप्प बसला. सुरुंग उडाले.

सात परस खोल गेलो. पाणी लागले नाही. पावसाळ्यात साचायचे आणि दिवाळीला तळ दिसायचा. हप्ते थकले. बैलजोडी विकली गेली. धाकटा मुलगा पुण्याला हमालीला गेला. १९९० च्या कर्जमाफीत दहा हजार रुपये सुटले, पण बैल परत आले नाहीत. माझी तोवर बदली झाली होती. माझ्या कागदांत एकही चूक नव्हती.

मांजऱ्या म्हणजे बुडबुड्यांचा झिजलेला दगड, प्रवाहाचा माथा. तोच पाणी धरतो. बिनचिरेचा काळा पाषाण म्हणजे प्रवाहाचे पोट. भेगा असतील तर त्यातही पाणी मिळते, नसतील तर ती दगडी घागर उपडीच राहते. मुकादमाला साडेसहा कोटी वर्षे ठाऊक नव्हती. पण कुठला रस कसा थिजला, हे त्याच्या हाताला कळत होते. माझ्या अर्जात व्यास होता, खोली होती, तारण होते. दगडाचा रकाना नव्हता.

इंदापूर आणि चुकीचा हिशेब यांचे नाते तसे जुनेच आहे. साइक्स आकडे गोळा करीत होता, त्याच वर्षांत प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनच्या जमिनींची पाहणी करून नवा सारा ठरवला. कागदावर तो मोठा शास्त्रशुद्ध होता. प्रत्यक्षात इतका जड आणि चुकीचा निघाला की, शेतकरी गावे सोडून गेले, जमिनी ओस पडल्या. मग १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली ती याच इंदापूर तालुक्यापासून. मातीचा रंग आणि तिची खोली पाहून त्यांनी प्रती पाडल्या, सारा उतरवला आणि तो तीस वर्षांसाठी बांधून दिला. इंदापूरची ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. मातीची खोली पाहायची म्हणजे खाली दगड कुठे लागतो, ते पाहायचे. प्रिंगलच्या हिशेबात जे निसटले होते, ते बऱ्याच अंशी जमिनीखाली होते.

साइक्सचे पुढचे आयुष्य मोठ्या पदांचे होते. १८३४ साली स्थापन झालेल्या लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या संस्थापकांत तो होता, पुढे तिचा अध्यक्षही झाला. रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. १८४० साली तो ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक झाला, १८५६ साली अध्यक्ष झाला. १८५७ साली ॲबरडीनमधून पार्लमेंटवर निवडून गेला. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्याचा अंत झाला. भेगांतून वाहणाऱ्या महापुराची कल्पना तोवर नुकती कुठे रुजू लागली होती. आपण जे मोजले त्याचा अर्थ त्याला पुरता कळला नाही. पण त्याने मोजले ते नीट मोजले, जे दिसले ते दिसले तसे लिहिले आणि ठाऊक नव्हते ते भोयाला विचारले. या शेवटच्या गोष्टीत तो माझ्यापेक्षा शहाणा होता. मुकादम तर मला न विचारता सांगत होता.

दोन वर्षांपूर्वी मी त्या गावाला गेलो. अण्णा आता नाही. थोरला मुलगा ओळख दाखवत पुढे आला, चहा झाला. नोकरीतून सुटल्यावर इतक्या वर्षांनी का आलात, हे त्याने विचारले नाही. माझी विहीर अजून तशीच आहे, कडेला बाभळी वाढल्या आहेत. मी काठावर उभा राहून आत पाहिले. वर थोडा मुरूम आणि खाली तळापर्यंत एकसंध, काळाभोर, गुळगुळीत कातळ. कुठे एक चीर नाही. मग तो मला ओढ्याच्या अंगाला घेऊन गेला. १९९६ साली अण्णाने घरची म्हैस विकून, कोणाचेही कर्ज न काढता, तिथे दुसरी विहीर घेतली होती. जागा मुकादमाने दाखवलेली. चार परसांवर पाणी लागले. विहिरीच्या अंगात पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या स्पष्ट दिसत होता आणि त्यातून बारीक धार खाली पाझरत होती. मे महिना होता. मी वाकून ओंजळभर पाणी प्यालो.